बर्फाची शिकवणी, मुक्काम कुवेत

जुलै महिन्यात कुवेतच्या विमानतळावर माझी बॅग उघडली गेली आणि आतून निघाले लोकरीचे मोजे, कानटोप्या, बोटभर जाडीचे हातमोजे आणि डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकणारा एक नारिंगी रबरी पोशाख. कस्टमचा तरुण अधिकारी एकदा पोशाखाकडे बघे, एकदा काचेबाहेरच्या उन्हाकडे. शेवटी त्याने अगदी हळुवारपणे इंग्रजीत विचारलं, "मॅडम, तुम्हाला कुठे जायचंय हे नक्की माहीत आहे ना?" मी म्हटलं, हो, कुवेतलाच. त्याने बॅग स्वतः भरून दिली, आणि चेन लागेना तेव्हा गुडघा टेकवून ती लावूनही दिली. परदेशातल्या कस्टमवाल्याने माझी एवढी काळजी याआधी कधी घेतली नव्हती.

त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. माझा धंदाच जरा विचित्र आहे. समुद्रात, किनाऱ्यापासून लांब, जिथे बर्फ तरंगत येतो अशा ठिकाणी काम करणाऱ्यांच्या जिवाला कशाकशाने धोका होऊ शकतो याचा आधी बसून विचार करायचा, आणि मग तो त्यांना शिकवायचा. माहेर साताऱ्याचं, सासर पुण्याचं. दोन्हीकडे बर्फ काय तो उसाच्या रसात. पण इंजिनिअर झाले, जहाजांच्या नादी लागले, आणि गेली कित्येक वर्षं हेच करते आहे. घरी अजून कुणालाही धड सांगता येत नाही मी काय करते ते. सासूबाई लोकांना सांगतात, "ती जहाजांचं बघते."

कुवेतमधल्या एका कंपनीने उत्तरेकडच्या देशातून एक जुनं जहाज घेतलं होतं. पत्रा बर्फाशी टक्कर घेण्याइतका जाड, पण इथे येऊन ते वर्षानुवर्षं कोमट पाण्यात पाइपलाइनची दुरुस्ती करत होतं. आता अचानक त्याला आर्क्टिकच्या कडेच्या समुद्रात काम मिळालं. ऑगस्टमध्ये निघायचं, पाणी मोकळं आहे तोवर काम उरकायचं आणि बर्फ धरायच्या आत परत फिरायचं. जहाज बर्फासाठी बांधलेलं होतं, पण त्याच्या डेकवर काम करणारी माणसं होती आपल्या कोकणातली. त्यांनी बर्फ बघितला होता तो मासळी बाजारात. त्यांना तयार करायला मला बोलावलं होतं, आणि करार असा की माझ्या होकाराशिवाय एकही माणूस त्या जहाजावर चढणार नाही.

सालमिया

उतरले मावसबहिणीकडे. मनीषा आणि भाऊजी सालमियाला राहतात. ती अकाउंट्समध्ये, ते बँकेत. तिने दारातच हातात ताकाचा ग्लास दिला आणि म्हणाली, "आधी हे पी, मग बोल. नाहीतर भोवळ येऊन पडशील आणि मला कामाला लावशील." टॅक्सीपासून लिफ्टपर्यंतची दहा पावलं चालले होते फक्त, पण खरंच डोळ्यांपुढे काजवे चमकले होते. नळाला दोन तोट्या होत्या. मी पुण्याच्या सवयीने गार पाण्याची उघडली आणि हात पोळला. गच्चीवरची टाकी दिवसभर तापते. मनीषा म्हणाली, उन्हाळ्यात इथे सगळे गीझर बंद ठेवतात आणि त्यातलंच पाणी गार म्हणून वापरतात. गरम हवं तर गारची तोटी, गार हवं तर गरमची. हा हिशेब माझ्या अंगवळणी पडेपर्यंत परत निघायची वेळ आली.

तिची मुलगी ईशा दहावीत आहे. मी मराठीत विचारलं, तिने इंग्रजीत उत्तर दिलं, "मावशी, यू आर टीचिंग आइस? इन कुवेत?" मग बराच वेळ हसत बसली. मलाही हसू आलं. जेवणात पापलेट होतं. इथे त्याला जुबैदी म्हणतात आणि त्याचा मान म्हणाल तर आपल्याकडच्या हापूसइतका. बरोबर इराणी भट्टीतली, परातीएवढी, गरमागरम रोटी. आपण वरणभात कालवतो तशी इथली माणसं ही रोटी मोडून रश्श्यात बुडवतात. मी तेच केलं आणि हावरटासारखी जेवले.

शुवैख

बर्फ शिकवायचा तर थंडी हवी. पडद्यावर चित्रं दाखवून थंडी कळत नाही, हे मला फार पूर्वीच कळलंय. कंपनीचे ऑपरेशन्स मॅनेजर जॉर्जसाहेब, मूळचे कोट्टायमचे, सडपातळ आणि सदैव घाईत. त्यांनी शुवैखला एका ओळखीच्याचं कोल्ड स्टोअरेज मिळवलं होतं. गोठवलेल्या कोंबड्यांची खोकी छतापर्यंत रचलेली, मधे थोडी मोकळी जागा. बाहेर पन्नासच्या घरातलं ऊन, आत शून्याच्या खूप खाली.

माझे विद्यार्थी सहा जण, सगळे मालवण-वेंगुर्ल्याकडचे. त्यांचे म्होरके दत्ताराम काका. वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे, पण सगळे काका म्हणत म्हणून मीही म्हणू लागले. उंच, काळेसावळे, बोलणं कमी, आणि बोलले की सगळे ऐकणार. ते इथे आले तेव्हा बाकीच्यांपैकी काही जण शाळेत होते. एकेकाला गावाहून त्यांनीच आणलेलं. प्रकाश नावाचा गुबगुबीत, हसतमुख रिगर, म्हणजे क्रेनची ओझी दोरांनी बांधणारा, कंपनीची गाडीही चालवायचा. सुधीर म्हणून एक तोंडाळ पोरगा होता, लग्न झालेला, एका मुलीचा बाप, पण वाह्यातपणा काही सुटलेला नव्हता. दार उघडल्यावर तो म्हणाला, "मॅडम, आमका काय कोंबड्यांवांगडा ठेवतास?"

"बाहेर उकडून निघण्यापेक्षा बरं ना," मी म्हटलं. सगळे हसले. आमचं जमलं ते तिथे.

सगळ्यांना जाड कपडे चढवून आत नेलं आणि पाच मिनिटांत पहिला घोटाळा झाला. सुधीर मानेला हात लावून ओरडला. मग दुसरा. बघते तर काय, प्रत्येकाने कॉलरच्या आत ओला फडका गुंडाळलेला. इथल्या उन्हात काम करणारी माणसं बाहेर पडण्यापूर्वी नळाखाली फडका भिजवून मानेला बांधतात. कुणाला सांगावं लागत नाही, हात आपोआप जातो. आज कोंबड्यांच्या थंडीत जायचंय हे पक्कं माहीत असूनही सगळ्यांनी तेच केलं होतं, आणि फडके पापडासारखे कडक झाले होते.

"सवय, मॅडम," दत्ताराम काका ओशाळून म्हणाले. "कामार जाताना फडको भिजवल्याशिवाय भायर पडाक जमतच नाय."

बाहेर येऊन त्यांना मी रागावले नाही. उलट म्हटलं, अख्ख्या आठवड्यात याहून चांगला धडा मला देता आला नसता. जी सवय इथे तुमचा जीव वाचवते, तीच तिथे जीव घेईल. थंडीत ओलं राहणं म्हणजे मरण. घामसुद्धा तिथे वैरी. तिथला बर्फ तुम्हाला ओरडून सांगून येत नाही. लाटेचे तुषार डेकवर पडतात, जागच्या जागी गोठतात, थरावर थर चढतो, आणि जहाज वरून जड होऊन एका बाजूला कलायला लागतं. लाकडी मोगऱ्या घेऊन सगळ्यांनी मिळून तो फोडायचा असतो. आणि तरंगत येणारा बर्फ कधी येईल, हे सांगणारा माणूस अजून जन्मलेला नाही. उपग्रहाचे फोटो असतात, रडार असतं, डोळे असतात. तरी शेवटी काही गोष्टी ठाऊक नसतातच. म्हणून आपण आधीच, इथे, शांत डोक्याने ठरवायचं: बर्फ अमुक इतका जवळ आला की हातातलं काम टाकायचं. तिथे गेल्यावर ठरवू म्हणणारा माणूस नेहमी म्हणतो, अजून पाच मिनिटं.

"आमचो मुकादम पण असाच म्हणता," सुधीर म्हणाला.

हे सगळं बोलताना दत्ताराम काका मानेवरचा फडका सोडवत होते आणि त्यांना गाठ सुटत नव्हती. मी मदतीला गेले. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं दुसऱ्या पेरापासून पुढे पांढरीफटक होती. मेणबत्तीसारखी. मी बोट दाबलं, त्यांना कळलंच नाही. माझं लक्ष गेलंय हे ध्यानात येताच त्यांनी हात खिशात घातला. "थंडीत सगळ्यांचीच होतत, मॅडम."

सगळ्यांची होत नव्हती. बाकीच्या पाच जणांचे हात मी बघितले, लालबुंद झाले होते. अशी बोटं मी याआधी पाहिलेली आहेत; थंडीत त्यांच्यात रक्त पोचत नाही.

वफ्रा

शुक्रवारी सुट्टी. दत्ताराम काकांचा एक गाववाला वफ्राला एका शेतावर कामाला आहे, तिथून ते भेंडी आणतात. मला म्हणाले, "येतास?" प्रकाश गाडी चालवत होता. शहर संपलं की दोन्ही बाजूंना सपाट, करड्या रंगाचं वाळवंट, मधूनच उंट, आणि रस्त्यावर उन्हाने पाणी साचल्यासारखं दिसत राहतं. मग अचानक हिरवं. खजुरांच्या रांगा, आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या लांबच लांब हरितगृहांच्या रांगा.

खजुराचे घोस पिवळे झाले होते. गाववाल्याने एक तोडून दिला; करकरीत, किंचित तुरट, आपल्याकडच्या कच्च्या बोरासारखा. खजूर असा खातात हे मला ठाऊकच नव्हतं. हरितगृहाच्या एका टोकाला पाणी झिरपणारी जाड जाळी, दुसऱ्या टोकाला मोठे पंखे. वाळवंटातली गरम हवा ओल्या जाळीतून आत ओढायची आणि आत काकड्या वाढवायच्या. आत पाऊल टाकलं आणि बरं वाटलं. गाववाला सांगत होता, वीज गेली आणि पंखे थांबले, तर दुपार संपेपर्यंत सगळं पीक भाजून निघतं. म्हणून दोन जनरेटर, आणि ते चालू होतात की नाही हे बघायला एक माणूस चोवीस तास. मी त्याच्याशी जनरेटरवर इतका वेळ बोलत बसले की काका म्हणाले, "बाय, भेंडी व्हयी मां?"

मॅडमची बाय झाले होते. त्या धिटाईवर मी हरितगृहाच्या सावलीत त्यांना विचारलंच. बोटं किती दिवसांपासून? ते खाली बसून भेंड्या निवडू लागले. मग म्हणाले, दोन-तीन वर्षं. इथे हिवाळ्यात पहाटे पांढरी होतात, मग ऊन आलं की बरी होतात. कुणाला सांगितलं नाही. मी म्हटलं, काका, तिथे ऊन येणार नाही.

"मी नाय गेलंय तर ही पोरां कशी जातली?" ते म्हणाले. "तेंच्या आवशीबापाशीक सांगून आणलेली आसत मी. माका काय हौस नाय थय जावची. पण ह्ये जातत, मगे माका जावकच व्हया."

आणखी एक गोष्ट त्यांनी भेंड्या निवडता निवडता सांगितली. कंपनीकडे इथे आता डेकचं काम उरलेलं नाही. उत्तरेला गेले तर काम पुढे चालू. नाहीतर खलास, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपतोय, घरी. "घराक जावन काय करू? माका दुसरा कायच येना नाय," ते म्हणाले, आणि पिशवीचं तोंड बांधून उठले.

परतताना काका मागच्या सीटवर झोपले. मी प्रकाशला सहज विचारलं, तुला जायचंय ना रे? त्याने आरशात एकदा मागे बघितलं. "मॅडम, खरं सांगू? काका जातात म्हणून जातोय. काका असले की काही होत नाही." मी विचारलं, आणि काका नसते तर? त्याने एसी वाढवला. मागे बसलेला माणूस या पोरांसाठी निघाला होता, आणि पोरं त्याच्यासाठी. स्वतःसाठी निघालेला कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

जाब्रिया

रविवारी कोल्ड स्टोअरेजमध्ये शॅकल लावायचा सराव घेतला. लोखंडी कडीत पिन घालायची आणि फिरवून घट्ट करायची. ही माणसं ते काम डोळे मिटून करतात. पण जाड हातमोज्यात, गारठलेल्या हातांनी ते निराळंच होतं. सगळे धडपडले, मग हळूहळू जमलं. काकांच्या हातातून पिन दोनदा पडली. तिसऱ्यांदा त्यांनी हातमोजा काढून उघड्या हाताने लोखंड धरायला घेतलं, आणि मी ओरडून सराव थांबवला. उघडं कातडं त्या लोखंडाला चिकटून सोललं असतं.

मनीषाच्या ओळखीच्या एक डॉक्टरबाई जाब्रियाच्या दवाखान्यात होत्या, मूळच्या नांदेडच्या. काका यायला तयार नव्हते. मी म्हटलं, नाही आलात तर मी आत्ताच नाही म्हणते. तेव्हा आले. बाईंनी एका भांड्यात बर्फाचं पाणी घेतलं, त्यांचा हात त्यात बुडवायला लावला आणि मग घड्याळ लावून रंग परत यायची वाट बघत बसल्या. खूप वाट बघावी लागली.

"लोखंड घासायचा ग्राइंडर किती वर्षं चालवलाय?" त्यांनी विचारलं. काकांनी आठवून सांगितलं. "तेच असणार. हादरे खाऊन खाऊन बोटांच्या नसा दुखावल्यात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तुम्हाला म्हणावं काय, ताई? नीट हातमोजे घातले, जपलं, तर काहीच व्हायचं नाही, असंबी होऊ शकतं. आन् बोटं जायचीबी शक्यता आहे. मी जा म्हणत नाही आन् जाऊ नका असंबी म्हणत नाही. मला सांगताच येत नाही."

बाहेर येऊन काका म्हणाले, "डॉक्टरणीन नको म्हटल्यान नाय मां?" त्यांच्या चेहऱ्यावर आशा होती आणि मला ती बघवेना.

जॉर्जसाहेबही तेच म्हणाले. ऑफिसात त्यांनी माझ्यासाठी काळा चहा मागवला, दार लावलं आणि मोडक्या हिंदीत समजूत घालायला लागले. डॉक्टरने ना नहीं बोला, तो फिर हां है ना? मी म्हटलं, साहेब, आमच्या कामात उलटं असतं. एखादी गोष्ट धोक्याची आहे हे सिद्ध होईपर्यंत थांबत नाहीत. ती सुरक्षित आहे असं कुणी खात्रीने म्हणत नाही तोवर करत नाहीत. मला ठाऊक नाही, म्हणूनच नको. एखाद्या वादळात, दवाखान्यापासून दोन दिवसांच्या अंतरावर, वर टांगलेल्या ओझ्याची दोरी या माणसाच्या हातात असेल, आणि खाली प्रकाश उभा असेल. त्यांनी डोळे चोळले. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाले, मला पण जहाज परत हवंय, माणसांसकट. पण मुदीर, आमचे मोठे साहेब, विचारणार. दत्ताराम नसेल तर बाकीचे येत नाहीत, बाकीचे नसतील तर जहाज जात नाही, आणि उशीर झाला तर बर्फ धरेल. माझ्यापुढे तरी दुसरा रस्ता सांगा.

मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत थांबा. घरी आले आणि मनीषापुढे ढसाढसा रडले. माझ्या एका शब्दावर एका माणसाचं सगळं आयुष्य उलटंपालटं होणार होतं, आणि त्या शब्दाखाली खात्री नव्हती, नुसता अंदाज होता. ती म्हणाली, "अगं, मग त्यालाच विचार ना. तू एकटी कशाला उचलतेस सगळं?" बँकेतल्या भाऊजींनीही मान डोलावली.

तसं बघितलं तर गोष्ट साधी होती. सहा माणसांपैकी एकालाही कुणी एकट्याला समोर बसवून विचारलेलं नव्हतं. गावाकडून येतानासुद्धा नाही. काका निघाले की सगळे निघायचे, हीच त्यांची इतक्या वर्षांची रीत. आजवर त्या रीतीने त्यांचं भलंच झालं होतं.

मंगफ

शुक्रवारी माझं संध्याकाळचं विमान. दुपारचं जेवण या सगळ्यांच्या खोलीवर होतं. मंगफला एका जुन्या इमारतीत दोन खोल्यांत सहा जण. लोखंडी पलंग एकावर एक, कोपऱ्यात गणपतीचा फोटो, खिडकीत तुळस, जगवलेली म्हणण्यापेक्षा जबरदस्तीने धरून ठेवलेली. काका स्वतः सुरमईचं तिखलं करत होते. नारळ बकाल्यातून, म्हणजे खालच्या वाण्याकडून, आणलेला, कोकम गावाहून. त्या वासाने मी क्षणभर मनातलं सगळं विसरले.

मी ओट्यापाशी जाऊन त्यांना हळूच सांगितलं, काका, मी तुमच्या नावाला हो म्हणणार नाही. तुम्ही माझ्यावर रागावलात तरी चालेल. पण पोरांना हे माझ्या तोंडून कळावं असं मला वाटत नाही. आणि एक विनंती आहे. त्यांना कारण सांगा, खरं.

ते डाव फिरवत राहिले. मग गॅस बारीक केला, पंच्याला हात पुसले आणि बाहेरच्या खोलीत आले. सगळे ताटं मांडत होते.

"आयका रे," ते म्हणाले. "मी जावचंय नाय."

सुधीर म्हणाला, "म्हणजे? मॅडमान नको म्हटल्यान?"

"मॅडमाचा नाव घेव नको. माझी बोटां मरतत थंडीत. पिन हातात रवणा नाय. मी दोरी धरतलंय आणि खाली तुमी आसतल्यात." त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. "आणि माका भय वाटता. पयल्या दिवसापासून वाटता."

त्या खोलीत इतकी वर्षं हा शब्द कुणी काढला नसावा. मी बोलायचं ठरवलं नव्हतं, पण बोलले. म्हटलं, आता मी एकेकाला विचारणार आहे, आणि एकाने दुसऱ्याकडे बघायचं नाही. काका येत नाहीत. तुला जायचंय का? नको म्हणालात तर कुणी काही म्हणणार नाही, जॉर्जसाहेबांशी मी बोलेन.

प्रकाशचा चेहरा आधीच रडवेला झाला होता. "काका, माका पण जावचा नाय. तुमी जातास म्हणान मी हो म्हटलंय."

काका त्याच्याकडे बघतच राहिले. "आणि मी तुमी जातास म्हणान," ते म्हणाले.

बाकीच्यांत एकाने मान हलवली, नाही. दोघे विचार करून हो म्हणाले. सुधीरने सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यात ठामपणे सांगितलं, "माका जावचा आसा. काका आसांदेत नायतर नसांदेत. माका तो बर्फ बघूचो आसा." मी त्याला विचारलं, भीती? "वाटता तर," तो म्हणाला. मी मनात म्हटलं, हा जाऊ शकतो. आठवडाभर मी त्याला वाह्यात समजत होते.

पुढचं सांगून टाकते. सुधीर आणि ते दोघे गेले. जॉर्जसाहेबांनी मुदीरच्या शिव्या खाल्ल्या आणि दुसरीकडून तीन माणसं मिळवली. माझ्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी त्यांना त्याच कोंबड्यांत शिकवलं. जहाज उशिरा निघालं, म्हणून काम अर्धंच झालं आणि बर्फ जवळ आल्यावर ठरल्याप्रमाणे ते टाकून परत फिरलं. प्रकाशला कुवेतमध्येच, जहरा भागातल्या एका गोदामात ड्रायव्हरचं काम लागलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी तिखलं वाढलं गेलं आणि कुणी जेवायला सुरुवात करेना. काका म्हणाले, आधी घरी सांगतो, नाहीतर घास जायचा नाही. वाढताना हात मसाल्याने माखलेले, म्हणून प्रकाशने फोन लावून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. पलीकडे कोंबडा आरवत होता. काकूंचा आवाज आला, रोजचा असावा तसा: जेवल्यात?

काकांनी एका दमात सांगून टाकलं. उत्तरेक जावचा नाय, बोटां बधिर जातत, दोन-तीन वर्सां झाली, भय वाटता, हयला काम संपला. पलीकडे कोंबडा पुन्हा आरवला. मला वाटलं, त्या रडतायत. आम्ही सगळे त्या फोनकडे बघत बसलो होतो.

"मगे घराक येवा," काकू म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "इतकी वर्सां मी फोनार इचारतंय, बरे आसास मां? आणि तुमी म्हणतास, बरो आसंय. आज पयल्यांदा खरा सांगलात."